कंपन्यांच्या दारात फिरती कारधुलाई : बावन्न दिवसांच्या नोंदी

दिवस १

धाकटा भाऊ आणि मी घरोघरी जाऊन गाड्या धुतो. एक व्हॅन, त्यात २०० लिटरची टाकी, प्रेशर वॉशर, व्हॅक्यूम आणि वायरीचं एक रीळ. कामाची कमतरता नाही, पण दिवस कुठे जातो ते कळेना, म्हणून मागच्या आठवड्यात प्रत्येक गोष्टीचा वेळ वहीत लिहिला. दिवसाला पाच गाड्या होतात. प्रत्यक्ष हात गाडीवर असतो तो चार तास. एका घरून दुसऱ्या घरी जाण्यात दोन तास, आणि पाइप-वायर पसरण्यात नि गुंडाळण्यात सव्वा तास. म्हणजे सव्वातीन तासांचे पैसे आम्हाला कोणीच देत नाही.

पाच गाड्या एकाच ठिकाणी उभ्या असतील तर पाइप एकदाच पसरायचा. तशा जागा म्हणजे व्यवसाय: ऑफिसं, ड्रायव्हिंग स्कूल, डिलिव्हरीवाले, दवाखाने, जुन्या गाड्यांचे विक्रेते. यांच्याकडे जाऊन काम मागायचं ठरवलं. काय चुकलं, किती वेळ गेला, ते सगळं इथे लिहीत जाणार आहे. हे काम सुरू करणाऱ्या दुसऱ्या कोणाला त्यातलं थोडं तरी वाचवता आलं तर बरं.

दिवस २

यादी केली. चूक पहिल्याच दिवशी: पाट्या बघून नावं लिहीत गेलो. मोठी पाटी, काचेचं दार, की नाव यादीत. संध्याकाळपर्यंत ३८ नावं झाली. मग भाऊ म्हणाला, "दादा, यांच्याकडे गाड्या किती आहेत ते आपण पाहिलंच नाही."

दिवस ३

सकाळी अकराच्या सुमारास पुन्हा तीच चक्कर मारली, या वेळी फक्त पार्किंग बघत. यादीतल्या नऊ ठिकाणी दोनपेक्षा जास्त गाड्या नव्हत्या. उलट एका गल्लीत पाटीसुद्धा नसलेल्या गोदामापाशी सात पांढऱ्या व्हॅन उभ्या होत्या. नऊ नावं खोडली, नऊ नवी लिहिली. यादी आता तीन रकान्यांत आहे: ज्यांच्या स्वतःच्या गाड्या आहेत, जिथे कर्मचाऱ्यांच्या गाड्या दिवसभर उभ्या असतात, आणि जिथे गिऱ्हाइकाची गाडी तासभर थांबते. हे तीन वेगवेगळे धंदे आहेत हे तेव्हा नीट कळलं नव्हतं. रकाने फक्त सोयीसाठी पाडले होते.

दिवस ५

पहिल्या सहा भेटी. सोमवार, सकाळी साडेनऊ ते अडीच. सहाही ठिकाणी बोलणं पुढच्या टेबलाच्या पलीकडे गेलं नाही. पत्रक ठेवून घेतलं, "साहेबांना देते" म्हणाल्या, संपलं. आठवड्याची सुरुवात म्हणजे प्रत्येकाची धावपळ. आपणही कोणाला सोमवारी सकाळी उभं करणार नाही, पण आम्ही गेलो.

पत्रकही चुकीचंच होतं. चार पॅकेजं, त्यात मिळून १९ कामं, वर चकचकीत बोनेटचा फोटो. घरच्या गिऱ्हाइकाला ते आवडतं. इथे टेबलावरच्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "यातलं नेमकं काय घ्यायचं?" मला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही.

पाच तास गेले.

दिवस ६

पायी फिरण्यापेक्षा ईमेल बरा, असं वाटलं. २२ ईमेल पाठवले. एक उत्तर: नको. दुसरं उत्तर: पुन्हा पाठवू नका. फोन चौदा केले, त्यात योग्य माणसापर्यंत दोनदाच पोचलो. या मार्गावर आणखी वेळ घालवायचा नाही असं ठरवलं. गाडी धुणं ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट आहे, ती समोर उभं राहूनच सांगावी लागते.

दिवस ८

आज काम मिळालं नाही, पण आजचा दिवस सगळ्यात उपयोगी ठरला.

एका दवाखान्यात व्यवस्था बघणारे काका भेटले. त्यांनी पत्रकाकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट प्रश्न सुरू केले. "पाणी कुठून घेणार? आमची फरशी ओली झाली आणि पेशंट घसरला तर? किल्ल्या कोणाकडे ठेवायच्या? आणि डॉक्टरांच्या गाडीला ओरखडा आला तर मी कोणाला धरू?" मी चमक, शाम्पू, डॅशबोर्ड असं काहीतरी बोलत राहिलो. ते शांतपणे म्हणाले, "गाडी स्वच्छ झाली तर कौतुक डॉक्टरांच्या गाडीचं होईल. काही बिघडलं तर बोलणी मला बसतील."

बाहेर येऊन व्हॅनमध्ये बसलो आणि त्यांचे चारही प्रश्न पत्रकाच्या पाठीवर लिहून काढले. आठवडाभर आम्ही चमक विकत होतो, आणि समोरचा माणूस हिशेब करत होता तो स्वतःवर येणाऱ्या जबाबदारीचा. या चार प्रश्नांची खरी उत्तरं आपल्याकडे आहेत का, हेच आधी बघायला हवं. नसतील तर पत्रक कितीही सुंदर छापून उपयोग नाही.

दिवस ९

पहिला प्रश्न, पाणी. बादली आणि घड्याळ घेऊन मोजलं. आमचा प्रेशर वॉशर मिनिटाला ७ लिटर टाकतो. एका गाडीवर ट्रिगर दाबलेला वेळ ११ मिनिटं, म्हणजे ७७ लिटर. दोन बादल्यांचे ३० लिटर धरले की शंभरच्या वर. २०० लिटरच्या टाकीत दोन गाड्याही नीट होत नाहीत. तिसऱ्या गाडीला मालकाचाच नळ मागावा लागणार. आणि हे शंभर लिटर जमिनीवर जाणार, बेसमेंट पार्किंग असेल तर तिथेच तळं साचणार.

पाणी कुठे जातं हाही प्रश्न आहेच. पावसाचं पाणी वाहून नेणारी गटारं बहुतेक ठिकाणी प्रक्रियेविना थेट ओढ्या-नदीला मिळतात. त्यात शाम्पू, तेल, ब्रेकची धूळ सोडणं बरोबर नाही, आणि अनेक ठिकाणी त्याला मनाई आहे. हे दवाखान्यातल्या काकांनी विचारलं नव्हतं, पण कोणीतरी विचारेलच.

म्हणून रिन्सलेस पद्धत. द्रावण पाण्यात मिसळून पुसायचं, वरून पाणी मारायचं नाही. आम्ही आणलेल्या द्रावणाचं प्रमाण ८ लिटर पाण्याला साधारण ३० मिली. एका गाडीला ती एक बादली पुरते. पाच गाड्यांना ४० लिटर, तेही टाकीतलंच.

दिवस १०

आमच्याच व्हॅनवर पहिला प्रयोग, आणि पट्टे पडले. कारण दोन. एक म्हणजे दुपारी उन्हात केलं. पत्रा हाताला चटका देत होता, द्रावण पुसायच्या आधीच वाळलं. दुसरं कारण सापडायला दोन तास लागले. मायक्रोफायबरची फडकी घरच्या कपड्यांबरोबर धुतली होती आणि त्यात कपडे मऊ करणारं द्रव घातलं होतं. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि फडकं पाणी शोषायचं सोडून ते नुसतं पसरवतं. पेल्यातलं पाणी फडक्यावर ओतून पाहिलं, तर थेंब वर तसाच डुलत राहिला. अठरा फडकी दोनदा गरम पाण्यातून काढली. बारा सुधारली, सहा चाकांच्या कामाला टाकली.

संध्याकाळी सावलीत पुन्हा केलं. गाडीच्या एका भागावर द्रावण फवारून मिनिटभर थांबायचं, म्हणजे धूळ भिजते आणि सुटते. फडक्याची दोनदा घडी घातली की आठ बाजू मिळतात. एक बाजू एकदाच, सरळ रेषेत, वजन न देता. मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. काच, बोनेट, दार, सगळं स्वच्छ निघालं. जमिनीवर पाण्याचा एक ओघळ नाही. भाऊ खाली वाकून बघत होता आणि मला खरंच आनंद झाला.

दिवस १२

नवीन पत्रक. एकच पान, फोटो नाही. वर चार प्रश्न, खाली चार उत्तरं. पाणी आमचं, गाडीमागे आठ लिटर, फरशी ओली होणार नाही. किल्ल्यांची नोंदवही, घेताना-देताना सही. काम सुरू करण्याआधी गाडीचे फोटो आणि जुन्या ओरखड्यांची नोंद, मालकाला दाखवून. आमच्या हातून नुकसान झालं तर भरपाई आमची. त्यासाठी विमा घेतला. विमा हा आत्तापर्यंतचा सगळ्यात मोठा खर्च आहे, सगळी फडकी, द्रावणं आणि छपाई एकत्र केली तरी त्याच्या निम्म्याच्या आत बसतात. तरी घेतला, कारण तो नसता तर चौथं उत्तर खोटं ठरलं असतं.

दिवस १४

एका ऑफिसात थेट संचालकांसमोर उभं राहण्याची संधी मिळाली. म्हणाले, "माझीच गाडी करून दाखवा." काळी सेडान, बेसमेंटमध्ये, वर ट्यूबलाइट.

काम छान चाललं होतं. उजव्या बाजूच्या मागच्या दारापाशी माझ्या हातातून फडकं खाली पडलं. मी ते उचललं, दोनदा झटकलं, आणि त्याच फडक्याने दार पुसलं. नवं फडकं व्हॅनमध्ये होतं, पंधरा पावलांवर. पुसताना बोटांना किंचित खरखर जाणवली आणि मी थांबलो. ट्यूबलाइटच्या उजेडात दारावर तीन बारीक कमानी दिसत होत्या, केसाएवढ्या, एकाशेजारी एक. नखाला लागत नव्हत्या, पण काळ्या रंगावर लपतही नव्हत्या.

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी वर गेलो आणि साहेबांना स्वतः सांगितलं. ते खाली आले, दार पाहिलं, काही बोलले नाहीत. त्यांच्या परवानगीने बारीक पॉलिशने तेवढाच भाग हाताने घासला. दोन तास लागले. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे घाई करून जोर लावता येत नाही. ओरखडे गेले. काम मिळालं नाही. आणि न मिळणंच योग्य होतं असं मला वाटतं.

त्या दिवसापासूनचा नियम: जमिनीला लागलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद, थेट लाल पिशवीत. गाडीपाशी घड्या घातलेली बारा फडकी आधी ठेवल्याशिवाय द्रावणाचं झाकण उघडायचं नाही. आणि चिखल वाळलेली गाडी रिन्सलेसने करायचीच नाही. तिला आधी पाण्याचा मारा हवा, नाहीतर ती उघड्यावर न्यायची, आणि तेही जमणार नसेल तर "आज नको" म्हणायचं.

दिवस १७

ड्रायव्हिंग स्कूल, पहिला होकार. पाच गाड्या, आठवड्यातून दोनदा. मॅडमनी पत्रक वाचलं आणि एकच विचारलं, "पहिला क्लास साडेसातला असतो. गाड्या त्याआधी तयार मिळतील?" मी हो म्हणालो. दर तिथल्या तिथे सांगितला. तो कसा काढला ते पुढच्या नोंदीत येतंच.

दिवस १९

ड्रायव्हिंग स्कूलचा पहिला दिवस. गाडीमागे एका माणसाची ३५ मिनिटं धरली होती. पाच गाड्यांची १७५, दोघांत वाटली की दीड तास. सहाला सुरू, साडेसातला खलास. प्रत्यक्षात गाडीमागे ४६ मिनिटं लागली. शिकाऊ लोकांच्या गाड्या, त्यामुळे पायाखालचे मॅट मातीने भरलेले, सीटच्या रुळांत वाळू, स्टिअरिंगवर हातांच्या घामाचा थर. शेवटची गाडी ७ वाजून ५५ मिनिटांनी दिली. एक शिकणारा मुलगा पंचवीस मिनिटं दाराशी उभा होता. मॅडम रागावल्या नाहीत, पण घड्याळाकडे दोनदा बघितलं, आणि ते मला दिसलं.

रात्री हिशेब केला. हातकाम २३० मिनिटं. सामान लावणं १५, आवरणं २०, जाणं-येणं ५०, हे सगळं दोघांचं, म्हणजे १७० मिनिटं. एकूण ४००. दर काढला होता १७५ वर. पाइप पसरायचा वेळ आपल्याला कोणी देत नाही, ही तक्रार घेऊनच हे सगळं सुरू केलं, आणि पहिल्याच दरात तो वेळ मीच विसरलो.

दिवस २०

दुरुस्ती. वेळेसाठी: पोचायची वेळ पाऊण तास अलीकडे आणली. गाड्यांचा क्रम क्लासच्या वेळापत्रकाप्रमाणे लावला, साडेसातच्या दोन गाड्या सगळ्यात आधी. (नंतरची भर: तिसऱ्याच फेरीत सगळं सातला दहा मिनिटं असताना संपलं.)

दरासाठी मॅडमना वहीच दाखवली. म्हणालो, "चूक आमची आहे, हा महिना ठरलेल्या दरातच करतो. पुढच्या महिन्यापासून कसं करायचं ते बघू." त्यांनी आकडे वाचले. मार्ग त्यांनीच सुचवला: दोनपैकी एका फेरीत आतलं व्हॅक्यूम नको, फक्त बाहेरून आणि काचा आतून-बाहेरून. आमचा वेळ कमी झाला, दर एक-तृतीयांशाने वाढला, दोघांनाही परवडलं. वही नसती तर हे बोलणं नुसती घासाघीस झाली असती.

दिवस २३

तिसरा रकाना, म्हणजे गिऱ्हाइकाची गाडी तासभर थांबते त्या जागा, पूर्ण सोडला. जिममध्ये तीन संध्याकाळी उभे राहिलो. माणूस घाईत येतो, किल्ली द्यायला कचरतो, आणि निघताना घामेजलेला असतो. दोन गाड्या झाल्या. कदाचित कोणाला जमेल, आम्हाला जमलं नाही.

दिवस २६

यादी आतापर्यंत: ३८ पैकी ३१ ठिकाणी जाऊन आलो. योग्य माणूस भेटला १४ ठिकाणी. करून दाखवलं सात ठिकाणी. काम मिळालं तीन ठिकाणी. ही तिन्ही कामं दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीतली आहेत, पहिल्या भेटीत एकही नाही. म्हणून वहीत प्रत्येक नावासमोर आता "पुन्हा कधी" असा रकाना आहे, आणि समोरच्याने जो दिवस सांगितला त्याच दिवशी जायचं. मंगळवार ते गुरुवार, अकरा ते साडेबारा किंवा तीननंतर. महिनाअखेरीला हिशेबाची गडबड असणाऱ्या ठिकाणी जायचं नाही.

भेटीची सुरुवातही बदलली. आधी "आम्ही कारधुलाई करतो" असं म्हणायचो, त्यावर हात आपोआप पत्रकाकडे जायचा. आता म्हणतो, "तुमच्या इथे पार्किंग कोण बघतं? त्यांना पाण्याबद्दल आणि किल्ल्यांबद्दल दोन मिनिटं सांगायचं होतं." बऱ्याचदा तोच माणूस आतून उठून येतो.

दिवस २८

दुसरा रकाना, ऑफिस. मी समजत होतो की पैसे कंपनी देईल. ॲडमिनच्या मॅडमनी स्पष्ट केलं: कंपनी जागा देईल, पैसे ज्याचे त्याने द्यायचे. बोलणं तिथेच अडलं असतं, पण भावाने विचारलं, "मॅडम, बुधवार ठरवून तुम्ही आतल्या ग्रुपवर एक कागद फिरवाल का? निदान पाच नावं आली तरच आम्ही येतो." त्यांनी फिरवला. नऊ नावं आली.

बुधवारी पोचलो तर सुरक्षारक्षकाने व्हॅन अडवली. त्याला कोणीच सांगितलं नव्हतं. मॅडम मीटिंगमध्ये. चाळीस मिनिटं फाटकाबाहेर. त्याची काहीच चूक नव्हती, पाण्याची टाकी आणि वायरी भरलेली अनोळखी व्हॅन त्याने का सोडावी? नऊपैकी सातच गाड्या झाल्या, उरलेल्या दोघांना मी स्वतः जागेवर जाऊन सांगितलं की पुढच्या बुधवारी पहिला नंबर तुमचा. आता आदल्या दिवशी संध्याकाळी आमची दोघांची नावं, व्हॅनचा नंबर आणि वेळ असं पत्र मॅडमकडून फाटकावर जातं. आणि पोचल्यावर मी आधी रक्षकाशी बोलतो, मग व्हॅन आत नेतो.

दिवस ३१

पाऊस. दोन कामं रद्द. करारात पावसाबद्दल ओळच नव्हती. लिहिली: बेसमेंट असेल तर काम होईल, उघड्यावर असेल तर त्याच आठवड्यात दुसरा दिवस, जास्तीचे पैसे नाहीत.

दिवस ३५

ते पाटी नसलेलं गोदाम, सात पांढऱ्या डिलिव्हरी व्हॅन. तिसऱ्या भेटीत होकार मिळाला होता. इथे मोकळं अंगण, सांडपाण्याच्या लाइनला जोडलेला निचरा आणि त्यांचाच नळ, त्यामुळे प्रेशर वॉशर चालतो.

पहिल्याच व्हॅनवर नुकसान केलं. बाजूला कंपनीचं नाव व्हिनाइलच्या स्टिकरने लिहिलेलं. अक्षरांच्या कडेला मळ बसला होता, तो काढायला भावाने नॉझल अगदी जवळ नेलं, वीतभर अंतरावर, आणि तेही तिरकं. एका अक्षराचा कोपरा उचलला गेला आणि पाण्याच्या धारेने बोटाएवढा सोलून निघाला. मालक तिथेच उभे होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "नावच सोलून काढलंत." ते अक्षर नवीन करून बसवायचा खर्च आम्ही दिला, त्या दिवसाची निम्मी कमाई गेली. भाऊ दिवसभर गप्प होता. संध्याकाळी त्याने स्वतःच नॉझलच्या डब्यावर पट्टी चिकटवली: स्टिकर असेल तर रुंद ४० अंशांचं नॉझल, हातभर अंतर, धार समोरून, कडेवर कधीच नाही. अक्षरांजवळचा मळ हातानेच.

डिलिव्हरीवाल्यांना चमक नको असते, हे इथे पुन्हा दिसलं. मालकांची यादी होती: दिवे, नंबरप्लेट, आरसे, मागचा कॅमेरा, आणि आतला माल ठेवायचा भाग झाडून पुसून. बोनेटबद्दल एक शब्द नाही.

चाकांवर मी लोखंडाचे कण सोडवणारं द्रव वापरून दाखवलं. ब्रेकच्या धुळीतल्या लोखंडाशी त्याची क्रिया होते आणि चाकावरून जांभळे ओघळ येतात. सगळे ड्रायव्हर बघायला जमले. मालक म्हणाले, दर वेळी हेच करा. मी नको म्हणालो. ते महाग आहे, वास उग्र आहे, आणि चाकावर वाळलं तर डाग पाडतं. तीन महिन्यांतून एकदा पुरे. या उत्तराने त्यांचा विश्वास वाढला असं मला वाटलं, कारण त्यानंतर दराबद्दल त्यांनी फारसं ताणलं नाही.

दिवस ४०

आणखी एका ऑफिसचं काम, इथे पैसे कंपनीचे. तीन आठवड्यांपूर्वी दिलेलं बिल हिशेब विभागात पडून होतं, कारण त्यावर पीओ नंबर नव्हता. पीओ म्हणजे काय ते आम्हाला माहीतच नव्हतं. कामाआधी कंपनीने खरेदीचा आदेश काढायचा, त्याचा नंबर आपल्या बिलावर टाकायचा. नसेल तर बिल व्यवस्थेत चढतच नाही. तीस दिवसांची मुदत बिल चढल्यापासून मोजतात, काम केल्यापासून नाही. म्हणजे जवळपास दोन महिने द्रावण, इंधन, सगळं आमच्या खिशातून.

आता होकार मिळाला की तिथेच तीन गोष्टी विचारतो: बिल कोणाच्या नावाने, पीओ लागतो का, पैसे किती दिवसांत. विचारायला संकोच वाटायचा. आता वाटत नाही, उलट हे विचारलं की समोरचा माणूस आम्हाला अधिक गंभीरपणे घेतो.

दिवस ४४

जुन्या गाड्यांचा विक्रेता. काम भरपूर, दर बरा. करून दाखवताना त्याने दोन गोष्टी मागितल्या. इंजिनवर प्रेशरने पाणी मारा, आणि आत सगळीकडे ड्रेसिंग, म्हणजे चमक आणणारं सिलिकॉनचं द्रव लावा, पेडल, स्टिअरिंग, सगळीकडे.

इंजिनच्या भागात अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, सेन्सरचे जोड असतात. दाबाचं पाणी तिथे शिरलं तर बिघाड आज नाही तर आठवड्याने दिसतो, आणि तेव्हा गाडी विकत घेणाऱ्या माणसाच्या हातात असते. ओलसर फडक्याने आणि ब्रशने करून देतो म्हणालो. पेडल आणि स्टिअरिंगला मात्र साफ नकार दिला. पेडलवर सिलिकॉन म्हणजे ब्रेक दाबताना पाय सटकणार. त्यावर तो म्हणाला, "बाकीचे लावतात." आम्ही सामान आवरलं. परतताना भाऊ म्हणाला, "दादा, महिन्याच्या वीस गाड्या होत्या." खरं आहे. मलाही वाईट वाटलं. पण ती गाडी कोणीतरी चालवणार आहे.

दिवस ४८

दवाखान्यात पुन्हा गेलो. दिवस ८ नंतर ही तिसरी भेट. काकांनी नवं पत्रक वाचलं आणि त्यांचेच प्रश्न ओळखले. किल्ल्यांची वही मागितली. ड्रायव्हिंग स्कूलची महिन्याभराची पानं होती, प्रत्येक ओळीला दोन सह्या. त्यांनी पानं सावकाश उलटली. मग विचारलं, "ओरखडा आला होता कधी?" मी काळ्या सेडानचं सगळं सांगितलं, फडकं कसं पडलं, किती तास लागले, काम मिळालं नाही हेही. त्यांनी वही बंद केली आणि म्हणाले, "परवा या. आधी माझी गाडी करा, डॉक्टरांची नंतर बघू."

दिवस ५०

काकांची गाडी झाली. राखाडी हॅचबॅक, मागच्या बंपरला जुना घासलेला डाग. फोटोत तो टिपला, त्यांना दाखवला, सही घेतली. काम होईपर्यंत ते जिन्यात उभे होते. शेवटी गाडीकडे न बघता गाडीखाली वाकले आणि फरशीवर तळहात टेकवून पाहिला. कोरडी होती.

दिवस ५२

सध्या नियमित कामं पाच: ड्रायव्हिंग स्कूल, गोदाम, बुधवारचं ऑफिस, पीओवालं ऑफिस, आणि सोमवारपासून दवाखान्याच्या चार गाड्या. घरचे गिऱ्हाईक आता आठवड्यातून दोनच दिवस. पाच गाड्यांमागे प्रवासाचा वेळ दोन तासांवरून पन्नास मिनिटांवर आला आहे. विम्याचा खर्च अजून भरून निघायचा आहे, आताच्या कामावर आणखी दोन महिने लागतील.

भेटीला जाताना पिशवीत काय असतं ते कोणीतरी विचारलं होतं. एका पानाचं पत्रक, विम्याची प्रत, किल्ल्यांची वही, गाडीच्या स्थितीचे कोरे फॉर्म, एक फवारणीची बाटली आणि सहा धुतलेली फडकी. समोरचा हो म्हणाला तर तिथेच त्याच्या गाडीचा एक आरसा आणि एक दार करून दाखवता येतं, पाच मिनिटांत. पूर्ण गाडी फुकट करून दाखवणं बंद केलं. त्यात तास जातो, आणि एका दारावरून जेवढं कळतं तेवढंच पूर्ण गाडीवरून कळतं.

उद्या फडकी धुवायची आहेत, चव्वेचाळीस आहेत. आणि यादीतली उरलेली सात नावं.